चावीविना काच: पॉवर विंडोच्या एका फेरवायरिंगचे प्रकरण

हे प्रकरण चार दरवाज्यांच्या एका जुन्या सेडान मोटारीचे आहे. तक्रार मात्र खिडक्यांची नव्हतीच, ती बॅटरीची होती. गाडी रोज चालवली की काही अडचण येत नसे. पण ती पाच-सहा दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर स्टार्टरमधून नुसता टकटक आवाज येई. बॅटरी एकदा बदलून झाली होती. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४.२ व्होल्ट मिळत होते, म्हणजे अल्टरनेटरही आपले काम नीट करत होता. बोलता बोलता मालकांनी सहज सांगितले की काही महिन्यांपूर्वी त्यांनी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून चावी काढल्यावरही काचा चालतील अशी सोय करून घेतली होती, आणि तेव्हापासून खिडक्यांच्या बटणांमधले हिरवे दिवे रात्रभर सुरू राहतात, त्यामुळे अंधारात बटण चटकन सापडते. ज्याला ते एक सुखसोय समजत होते, तिच्यातच दुखण्याचे मूळ होते.

ही सोय त्यांना का हवी होती, हे आधी समजून घेणे आवश्यक होते, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून राहिला. त्यांची गरज दुहेरी होती. गाडी बंद करून चावी खिशात टाकल्यावर एखादी काच उघडी राहिल्याचे लक्षात येई आणि तेवढ्यासाठी पुन्हा चावी लावावी लागे, ही पहिली अडचण. ती त्रासाची खरी, पण किरकोळ. दुसरी तितकी किरकोळ नव्हती. त्यांच्या वयस्कर आई अनेकदा पुढच्या सीटवर बसून थांबत आणि हे चावी घेऊन कामासाठी उतरत. काचा बंद असताना आत उकडू लागले, तर आईंना दार उघडण्यावाचून दुसरा उपाय नसे, आणि रहदारीच्या बाजूला दार उघडणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

मूळ रचना आणि तिच्यातील बदल

या गाडीतील मूळ रचना साधी होती. बॅटरीकडून येणारी जाड तार ३० अँपिअरच्या फ्यूजमधून पॉवर विंडोच्या रिलेच्या (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच; त्याच्या टोकांना ठरलेले क्रमांक असतात) ३० क्रमांकाच्या टोकाला जाते, आणि रिले ओढला गेला की ८७ क्रमांकाच्या टोकातून तो पुरवठा चालकाच्या दारातील मुख्य स्विचला व तिथून बाकीच्या तीन स्विचांना मिळतो. रिलेच्या गुंडाळीचे एक टोक, ८५, बॉडीला अर्थ केलेले (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेले) असते आणि दुसरे, ८६, इग्निशनच्या तारेला जोडलेले असते. चावी ‘ऑन’वर आली की गुंडाळीत प्रवाह वाहतो, संपर्क जुळतो आणि खिडक्या जिवंत होतात, चावी काढली की सगळे मरते. मोटर मात्र स्वतः कधीच थेट अर्थला बांधलेली नसते. विश्रांतीच्या स्थितीत तिची दोन्ही टोके स्विचमधून अर्थला जोडलेली असतात, आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ दाबले की त्यांपैकी एकाला धन पुरवठा मिळतो, दुसरे अर्थवरच राहते. पुढे जो उपाय केला तो या एका वैशिष्ट्यावर उभा आहे.

आधीच्या कारागिराने रिलेच्या तळाशी ३० आणि ८६ या टोकांमध्ये तारेचा एक लहानसा तुकडा जोडला होता, आणि इग्निशनची तार कापून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती लोंबती सोडली होती. काम दहा मिनिटांचे आणि परिणाम तत्काळ दिसणारा. रिले आता कायमचाच ओढलेला राहिला. रिलेवर बोट ठेवले तेव्हा तो कोमट लागला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील रिले कोमट असण्याचे दुसरे कारण क्वचितच असते.

तरीही बोटाच्या साक्षीवर निदान करू नये म्हणून मोजमाप केले. केबिनच्या दिव्याचा निवडक (दिवा बंद ठेवायचा की दार उघडल्यावर लावायचा, हे ठरवणारा स्विच) ‘बंद’वर ठेवला, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवून दार बंद असल्याचा आभास निर्माण केला, बॅटरीची ऋण केबल सोडवून तिच्या मार्गात १० अँपिअरच्या पल्ल्यावर मल्टिमीटर बसवला आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे झोपी जाईपर्यंत अर्धा तास काहीही न हलवता थांबलो. (मीटर असा बसवलेला असताना चावी चुकूनही फिरवू नये, स्टार्टरचा प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो आणि मीटरमधील फ्यूज तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.) आकडा आला २०० मिलिअँपिअर. खिडक्यांचा ३० अँपिअरचा फ्यूज काढताच तो २४ वर उतरला. कमी झालेल्या १७६ मिलिअँपिअरपैकी १५२ रिलेच्या गुंडाळीचे होते, कारण तिचा रोध ८२ ओहम भरला आणि बॅटरी १२.५ व्होल्टवर होती. बाकीचे २४ त्या चार हिरव्या दिव्यांचे.

उभ्या गाडीत साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालवून घेतला जातो. २०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. ही बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, म्हणजे पाच दिवसांत तिचा निम्म्याहून अधिक साठा संपणार आणि जुन्या होत चाललेल्या बॅटरीला तेवढ्यावर स्टार्टर फिरवणे जड जाणार. तक्रारीतले पाच-सहा दिवस हिशेबाशी तंतोतंत जुळले. येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर होतो. काच खालीवर करण्याने बॅटरी उतरते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मोटर सुमारे ७ अँपिअर घेऊन चार सेकंद चालते, म्हणजे एका वेळेस ०.००८ अँपिअर-तासांपेक्षाही कमी खर्च होतो. त्या कोमट रिलेने आणि दिव्यांनी गाडी उभी असताना एका दिवसात जेवढी वीज पिऊन टाकली, तेवढ्यात काच पाचशेहून अधिक वेळा हलवता आली असती.

सुचलेले आणि सोडून दिलेले मार्ग

सर्वात सोपा मार्ग म्हणजे रिले वगळून ३० आणि ८७ यांना थेट जोडणे. गुंडाळीचा खर्च वाचतो, पण दिवे तसेच जळत राहतात आणि मुख्य म्हणजे चारही स्विच अहोरात्र जिवंत राहतात. दारातील स्विचांमध्ये पाणी शिरते, संपर्क गंजतात, आणि ३० अँपिअरच्या फ्यूजमागे दिवसरात्र पुरवठा असलेला ओला स्विच कोणीही जवळ नसताना तापत राहणे ही कल्पनाच मला नको वाटते.

गुंडाळीला इग्निशनऐवजी ‘ॲक्सेसरी’ची (इंजिन बंद असतानाही चावीवर रेडिओसारखी उपकरणे चालवणारी) तार देणे हा सभ्य पर्याय आहे आणि बहुतेकांना मी तोच सुचवतो. चावी काढली की तो आपोआप बंद होतो. या प्रकरणात मात्र चावी मालकांच्या खिशात जात होती, त्यामुळे आईंचा प्रश्न जागच्या जागी राहिला असता. वेगळा चालू-बंद स्विच बसवण्याची सूचना मालकांनीच केली. ज्यांना काच बंद करायची आठवण राहत नाही त्यांना स्विच बंद करायची आठवण राहील, असे मानायला मी तयार नव्हतो आणि तेही हसून गप्प झाले.

उरला तो विलंबाने बंद होणाऱ्या टायमर रिलेचा मार्ग. कारखान्यातूनच ही सोय घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये चावी काढल्यावर काही काळ किंवा पुढचे दार उघडेपर्यंत खिडक्यांना पुरवठा सुरू राहतो. दार उघडताच तो तुटण्यामागे मुलांच्या सुरक्षेचा विचार आहे. काच वर जाताना लहान मुलाची मान किंवा हात तिच्यात अडकू शकतो, आणि जुन्या गाड्यांमध्ये अडथळा ओळखून काच उलटी फिरवणारी यंत्रणा नसते. अमेरिकेच्या मोटारवाहन सुरक्षा मानकांतील ११८ क्रमांकाचे मानक याच धोक्यासाठी आहे; चावी ‘ऑन’, ‘स्टार्ट’ किंवा ‘ॲक्सेसरी’वर असताना, अथवा इग्निशन बंद केल्यापासून पुढच्या दोन दारांपैकी एखादे उघडेपर्यंतच्या काळात काच विजेवर बंद होऊ शकते, असे ते सांगते. आणखी काही मोजके अपवाद त्यात आहेत, पण गाडीत एकट्या राहिलेल्या मुलाच्या हाती काच बंद करण्याची शक्ती राहू नये, हा त्याचा गाभा.

इथे मी बराच वेळ अडलो. मालक दार उघडून उतरतात त्याच क्षणी आईंची गरज सुरू होते, आणि सुरक्षेचा नियम नेमका त्याच क्षणी पुरवठा तोडायला सांगतो. टायमर कितीही मिनिटांचा लावला तरी हा विरोध सुटत नव्हता. तो सुटला तो मानकातील एका क्रियापदाकडे नीट पाहिल्यावर. बंधन काच ‘बंद’ होण्यावर आहे, उघडण्यावर नाही. आईंना काच बंद करायची नव्हतीच, त्यांना ती उघडायची होती. बंद करण्याची गरज मालकांची होती आणि ती दार उघडण्यापूर्वी भागत होती. म्हणजे ‘चावीविना खिडक्या चालाव्यात’ या एका मागणीत दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या मागण्या गुंतल्या होत्या, आणि आधीच्या कारागिराने त्या एकाच तारेने भागवल्या होत्या.

पहिली व्यवस्था: दार उघडेपर्यंत

मालकांसाठी टायमर न वापरता रिलेलाच स्वतःला धरून ठेवायला लावले. जोडलेला तुकडा काढला. इग्निशनची कापलेली तार पुन्हा ८६ ला आणली, पण मध्ये एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून. मग ८७ च्या टोकावरून एक बारीक तार घेतली, तिच्या सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज बसवला (३० अँपिअरच्या फ्यूजमागे बारीक तार उघडी सोडणे म्हणजे ती तारच फ्यूज होणे), आणि ती दुसऱ्या, पाच टोकांच्या रिलेच्या ३० व ८७ए या एरवी जुळलेल्या संपर्कातून दुसऱ्या डायोडमार्गे त्याच ८६ ला आणली. चावी ‘ऑन’ केली की पहिला रिले इग्निशनवर ओढला जातो. ओढला गेला की स्वतःच्याच ८७ मधून स्वतःच्या गुंडाळीला पुरवठा करू लागतो. चावी काढली तरी तो सुटत नाही. दुसऱ्या रिलेची गुंडाळी त्याच बारीक तारेवरून घेऊन तिचे दुसरे टोक दाराच्या बटणाच्या (दार उघडताच केबिनचा दिवा लावणाऱ्या) तारेला जोडले. दार उघडले की ते बटण अर्थ होते, दुसरा रिले ओढला जातो, पहिल्याचा स्वतःला धरून ठेवणारा मार्ग तुटतो आणि तो सुटतो. मग दार पुन्हा लावले तरी, चावी ‘ऑन’ केल्याशिवाय तो परत येत नाही. चावी काढताना दार आधीच उघडे असेल, तर पुरवठा लगेच जातो.

पहिला डायोड वगळण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून त्याविषयी थोडे. तो नसता, तर चावी काढल्यावर ८६ वर असलेला पुरवठा इग्निशनच्या तारेतून उलटा वाहून इंजिनाच्या आणि डॅशबोर्डच्या सर्किटांत शिरला असता. येथे १ अँपिअरचा फ्यूज असल्याने बहुधा तो उडाला असता. तिथे मोठा फ्यूज असता, तर चावी काढूनही इंजिन बंद न होण्याचा चमत्कार पाहायला मिळाला असता. डायोड साधे १एन४००७ वापरले, कारण त्यांची मर्यादा १ अँपिअरची आहे आणि गुंडाळीला त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढाही प्रवाह लागत नाही.

काम संपवून प्रवाह मोजला: २४ मिलिअँपिअर. गाडी परत दिली आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन आला की दिवे पुन्हा लागलेले आहेत, पण मिणमिणते.

चूक माझी होती, आणि ती माझ्या मोजण्याच्या पद्धतीने लपवली होती. मोजताना मी केबिनच्या दिव्याचा निवडक बंद ठेवला होता. मालकांनी तो नेहमीप्रमाणे ‘दार’वर आणला. त्या स्थितीत दारे लावलेली असताना दाराच्या बटणाची तार केबिनच्या दिव्यामार्गे बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेली असते. पहिला रिले सुटला की बारीक तारेवर व्होल्टेज उरत नाही, आणि मग दिव्यातून आलेला प्रवाह दुसऱ्या रिलेच्या गुंडाळीतून उलट दिशेने शिरून पहिल्या रिलेच्या गुंडाळीत आणि हिरव्या दिव्यांत जाऊ लागतो. दोन्ही गुंडाळ्या जवळपास समान रोधाच्या आणि आता एकापाठोपाठ आलेल्या, म्हणून पहिल्या गुंडाळीवर साडेपाच व्होल्टच्या आसपास येत होते. १२ व्होल्टचा रिले ओढायला सामान्यतः ७ ते ८ व्होल्ट लागतात. त्यामुळे तो ओढला जात नव्हता, पण सुमारे ७५ मिलिअँपिअर गुपचूप वाहत होते. निवडक ‘दार’वर ठेवून मोजल्यावर एकूण आकडा १०० च्या जवळ आला. दुसऱ्या गुंडाळीच्या मार्गात तिसरा डायोड घातला, दिवे विझले आणि आकडा २४ वर परतला. तेव्हापासून असे कोणतेही मोजमाप मी निवडकाच्या प्रत्येक स्थितीत वेगवेगळे करतो.

दुसरी व्यवस्था: फक्त उघडण्यासाठी

आईंच्या खिडकीसाठी केलेले काम वायरिंगच्या दृष्टीने अधिक सोपे आणि सुतारकामाच्या दृष्टीने अधिक कष्टाचे होते. त्या दाराच्या स्विचकडून मोटरकडे जाणारी ‘खाली’ची तार कापली. मोटरकडचे टोक नव्या रिलेच्या ३० ला, स्विचकडचे टोक ८७ए ला, आणि ८७ ला बॅटरीकडून २० अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून आणलेला कायमचा पुरवठा. गुंडाळीचे एक टोक याच पुरवठ्यावर आणि दुसरे, एका दाबून धरण्याच्या बटणामार्गे, अर्थवर. बटण दाबले की मोटरच्या ‘खाली’च्या टोकाला धन पुरवठा मिळतो, ‘वर’चे टोक मूळ स्विचमधून अर्थवर असतेच, आणि काच उतरते. बटण सोडले की सगळे पूर्ववत होते. बटणातून फक्त गुंडाळीचा प्रवाह जातो, मोटरचा जात नाही. उभ्या गाडीत या व्यवस्थेचा खर्च शून्य. या बटणाने काच वर जाणे विद्युतदृष्ट्या शक्यच नाही. कोणी त्याच क्षणी मुख्य स्विचवरून तीच काच वर करू लागला, तर मोटरच्या दोन्ही टोकांना धन पुरवठा मिळून ती नुसती थांबते. शॉर्ट होत नाही.

रिले निवडताना एक गोष्ट पाहावी लागते. अदलाबदलीच्या रिलेत ८७ए या संपर्काची क्षमता बहुधा ८७ पेक्षा कमी असते, आणि इथे रोजच्या वापरातला मोटरचा सगळा प्रवाह ८७ए मधूनच जातो. काच टोकाला अडली की प्रवाह वीस अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. म्हणून ८७ए ची क्षमता किमान २० अँपिअर असलेलाच रिले घेतला.

कष्ट पडले ते तार दारात नेताना. बॉडी आणि दार यांमधल्या रबरी नळीतून २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक तार ओवण्यात अर्धी दुपार गेली. ती वाचवण्यासाठी बाहेरून तार आणली असती, तर दार उघडझाप होताना ती काही महिन्यांत तुटली असती. रिले दारातील प्लास्टिकच्या ओलावारोधक पडद्याच्या केबिनकडील बाजूस, उंचावर, टोके खाली करून बसवला, कारण काचेच्या रबरातून उतरणारे पाणी पडद्याच्या पलीकडे दाराच्या तळाशी जाते. बटण हाताच्या टेकूपुढे थोड्या खोलगट जागी घेतले. गुडघा लागून ते दाबले जाऊ नये, आणि आईंच्या बोटांना ते न पाहता सापडावे, या दोन्ही अटी तिथे एकदम पुऱ्या झाल्या.

या व्यवस्थेच्या मर्यादा मी मालकांना आधीच सांगितल्या होत्या. पाऊस आला तर आईंना काच बंद करता येणार नाही. चावी परत येईपर्यंत ती उघडीच राहील. चालकाच्या दारातील खिडक्या कुलूपबंद करणारा स्विच या नव्या बटणाला लागू होत नाही, म्हणून त्या सीटवर लहान मूल बसणार असेल तेव्हा त्याचा २० अँपिअरचा फ्यूज काढून ठेवावा. ज्या गाड्यांत दाराची बटणे आणि काचा बॉडीच्या नियंत्रक संगणकामार्फत चालतात, तिथे यांतले काहीच असे करू नये. त्या तारांमध्ये पुरवठा नसतो, संकेत असतात.

शेवटची तपासणी दहा दिवस गाडी न हलवता केली. चार्ज करून ठेवलेली बॅटरी सुरुवातीस १२.६ व्होल्टवर होती आणि दहाव्या दिवशी १२.५ वर, इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. आईंनी बटण स्वतः दाबून पाहिले, काच अर्ध्यावर थांबवली, आणि ती आता वर कशी करायची असे विचारले. मालकांनी खिशातली चावी दाखवली.